भातासारखा भात दिसायला हवा

कॅमेऱ्याची इतकी सेवा करून त्याच्याकडून इतकं कमी काम घेणारा माणूस, जांबे गावातल्या आमच्या घरमालकांखेरीज, उभ्या मुळशी तालुक्यात सापडणार नाही. आम्हा भाडेकरूंच्या गाड्यांतलं पेट्रोल चोरीला जाऊ लागलं म्हणून त्यांनी गच्चीवरून पार्किंगवर कॅमेरा लावला. पार्किंगच्या भिंतीपलीकडे त्यांचं उरलेलं एकुलतं एक भाताचं खाचर. मी कंपनीत संगणकावर काम करतो, एवढ्या भांडवलावर चित्र नीट लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. रविवारी बसून मी उजेड, रंग, सगळं असं जुळवायचो की नंबरप्लेट वाचता यावी. आणि सोमवारी कामावरून यावं तर मालकांनी मोबाइलवरच्या रंगाच्या पट्ट्या पुन्हा सरकवलेल्या. भात हिरवागार आणि आम्ही सगळे काविळीचे रोगी. पावसात तर त्यांनी कॅमेऱ्यावर शेतातलं इरलं बांधलं. त्याने निम्मं चित्र झाकलं, आणि झाकलेलं निम्मं म्हणजे आमचं पार्किंग. जाब विचारला की शांतपणे म्हणायचे, "सायेब, मान्सं काय, कशीबी दिसत्यात. भात भातावानी दिसाया पायजे."

याचा संताप येऊ नये? एकदा चोर चक्क कॅमेऱ्यात सापडला. पण मालकांनी आदल्याच दिवशी रंग इतका चढवला होता की शेजारच्या खोलीतले लातूरकर म्हणाले, हा माणूस आहे की केळीचं पान? पेट्रोल माझ्या गाडीतलं गेलं होतं. मी भांडखोर नाही; कुणाला जोरात बोललो तर दोन दिवस मलाच अन्न गोड लागत नाही. पण त्या संध्याकाळी तावातावाने खाली त्यांच्या घरात शिरलो.

टीव्हीवर आमचाच कॅमेरा लावलेला होता. खुब्याचं हाड मोडून खाटेला खिळलेल्या मालकीणबाई उशीला टेकून बघत होत्या. मालकांच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात खाचरातून उपटून आणलेलं ओलं रोप. ते रोप टीव्हीशेजारी धरून ते पट्टी सरकवत होते.

"आजून जरासं," त्या म्हणाल्या. "हां, ऱ्हाऊ द्या. ती वरची कड पिवळी पडलीया बगा. तितं पानी पोचत न्हाई."

मालक तसेच बांध बघायला निघाले. मला मोबाइल आणि रोप धरायला देऊन गेले. पेट्रोलचं बोलायचं राहिलं. दुसरा कॅमेरा घ्या, असं मात्र मी त्यानंतर दर आठवड्याला बजावलं, आणि ते दर आठवड्याला "बगू" म्हणाले. त्याचा राग मला अजून आहे.

यंदा लावणीला माणसं मिळाली नाहीत. खाचरात मुरूम पडला, आता तिथे कंपन्यांच्या बस उभ्या राहतात. चित्र मी लावतो तसंच राहतं, नंबरप्लेट लख्ख दिसतात. परवा मीच आपण होऊन विचारलं, "मालक, रंग जरा वाढवून देऊ का?"

"नगं, सायेब," ते म्हणाले. "ती आता भिंतीकडं तोंड करून निजती."