उरेल तो वाटा कापणाऱ्याचा

गुलाबकाका गेले आणि एका युगाचा अंत झाला, असं त्यांच्या तेरवीला तिघांनी सांगितलं. पहिल्या दोघांना ते युग कशाचं होतं हे ठाऊक नव्हतं. तिसरे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, मारोतीकाका. त्यांनी त्या युगाशी कित्येक वर्षं बोलणं टाकलं होतं. बातमी आली तेव्हा मी नागपुरात बँकेच्या रांगेत होते. फोन मारोतीकाकांचाच. "भाऊ गेला," एवढंच म्हणाले; फोन मात्र ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

आम्ही भिवापूरकडचे खाटीक. बाजाराच्या दिवशी आजोबा बोकड कापत आणि उरलेला आठवडा मिरची पिकवत. गोठ्यातल्या लेंड्या शेतात जात, त्यामुळे आमची मिरची गावात सगळ्यांत तिखट. जी घरं आमच्याकडे पाणी पीत नसत, तीही मिरची बिनबोभाट नेत. पुढे गुलाबकाकांनी नागपुरात मटणाचं दुकान टाकलं, माझे वडील शिक्षक झाले आणि लवकर गेले, मारोतीकाका कचेरीत लागले. कचेरीत लागलं की पूर्वजही सुधारतात. मारोतीकाकांनी घराण्याचा इतिहास छापला. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठावर ढाल-तलवार, आणि आत आम्ही भोसल्यांच्या फौजेतले सरदार. गुलाबकाकांनी तो दुकानात गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचला आणि भावाला म्हणाले, "तलवार नोहोती गा मारोत्या. सुरा होता. अन् तोबी उसना." अबोला तिथून सुरू झाला. जमिनीनं तो पक्का केला.

मारोतीकाकांना शेत विकायचं होतं. प्लॉट पाडणारे घिरट्या घालत होते. गुलाबकाकांना ते ठेवायचं होतं. लग्न नाही, मूलबाळ नाही, तरी का ठेवायचं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. वडिलांच्या मागे तिसरा हिस्सा माझा. वाटणीच्या दिवशी मारोतीकाका गाडीतून दोन माणसं घेऊन आले. ती खाली उतरली नाहीत, काचाही वरच. गुलाबकाका दिवस उगवल्यापासून शेतात चालत खुंट्या ठोकत होते आणि कमरेला दुकानातला सुरा तसाच होता. मला वाटलं, आज काहीतरी होणार. मारोतीकाकांनाही वाटलं असावं, कारण बोलताना ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"सुरा काहून आणला, भाऊ?"

"काढाले विसरलो. तुले भेव लागून राहिलं का?"

कोणी हसलं नाही. गाडीचं इंजिन चालूच होतं. गुलाबकाकांनी सुरा काढला, विहिरीच्या काठावर ठेवला आणि बांधावरच्या पळसाची तीन पानं तोडली.

आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, काही घरं मिळून बोकड घेतात. कापणारा पळसाच्या पानांवर सारखे वाटे लावतो. प्रत्येकात मांस, प्रत्येकात हाड, प्रत्येकात कलेजीचा तुकडा. मग एकानं पाठ करून उभं राहायचं. कापणारा एका वाट्यावर बोट ठेवतो, "हा कोणाचा?" म्हणून विचारतो, आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. कापणाऱ्याला मात्र शेवटी उरेल तो. म्हणून वाटे सारखे पडतात.

"जमीन म्हंजे बोकड हाय का?" मारोतीकाका ओरडले.

"मले एवढंच कापता येते. तू पाठ कर वं बाई."

मी पाठ केली. एकेक पान एकेका वाट्याचं धरून काका विचारत गेले, मी नावं घेतली. मग खुंट्यांचा अर्थ कळला. काकांनी शेताचे तीन तुकडे केलेच नव्हते. काळ्या जमिनीचे तीन पट्टे, बरड माळाचे तीन, विहिरीकडचे तीन, आणि प्रत्येकाला प्रत्येकातला एकेक. मारोतीकाकांनी कुठे कमी पडलंय ते शोधून पाहिलं, सापडलं नाही. इतकी न्याय्य आणि इतकी निरुपयोगी वाटणी तालुक्यात दुसरी नसेल. त्या पट्ट्यांत ट्रॅक्टर वळत नव्हता. गाडीतल्या माणसांनी काच खाली केली, खुंट्या पाहिल्या, काच वर केली आणि ती निघून गेली. जमीन शेवटी तिघांची मिळून एकाच माणसाला बटईनं, अर्ध्या पिकावर, द्यावी लागली. ही चूक होती की बेत, असं मी काकांना पुढे विचारलं होतं. "एकाच्या पानात सारी कलेजी टाकली," ते म्हणाले, "त बाकीचे काय हाडं चघळतीन?"

दुकान आवरलं तेव्हा त्यांचा मटण तोडायचा चिंचेचा ओंडका मी घरी आणला आणि गॅलरीत ठेवून त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. येणारे पाहुणे नमस्कार करतात. मी काही सांगत नाही.

मागच्या रविवारी मारोतीकाका आले. एका हातात मटणाची पिशवी, काखेत विक्रीचा मसुदा. भावाचा हिस्सा आता त्यांच्याकडेच येणार आणि सगळं शेत एकत्रच विकायचं, म्हणजे पट्ट्यांची अडचण मिटली. फक्त माझी सही हवी. ते पेन उघडूनच बसले. मी म्हटलं, आधी जेवू. ते उठले, कुंडी खाली ठेवली, ओंडका धुतला आणि मांडी घालून बसले. घरात वर्तमानपत्राची दोनच पानं निघाली. मी लसूण सोलत होते.

"पाठ कर," ते म्हणाले.

मी केली.

"हा कोणाचा?"

"तुमचा."

"हा?"

"माझा."

मग मी वळले. त्यांनी तीन वाटे लावले होते. कागद कमी पडला म्हणून तिसरा मसुद्यावर. पहिला त्यांचा असूच शकत नव्हता, कापणारे तेच होते; हे आम्हा दोघांनाही आत्ता कळत होतं. ते तिसऱ्या वाट्याकडे बघत होते.

"हा भाऊचा," ते म्हणाले.

मसुदा भिजून गेला. तसा तो पुन्हा छापता येतो. मारोतीकाकांनी अजून छापलेला नाही. प्रिंटरमधली शाई संपली आहे, असं ते सांगतात.