आधी व्यसन सोडा, मग श्वास घ्या

सोलापुरात गर्दच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी एक केंद्र आहे, तिथं मी नर्स आहे. रोज सकाळी माणसं येतात, सरकारी गोळी जिभेखाली ठेवतात आणि ती विरघळेपर्यंत माझ्यासमोर बसतात. तेवढा वेळ बोलायचं नसतं. त्यामुळे खोकला तेवढा ऐकू येतो.

त्यातला सगळ्यात दांडगा खोकला एका यंत्रमाग कामगाराचा. तेलुगू विणकराच्या घरातला. टॉवेलच्या कारखान्यात सुताचा धुरळा, वर बिडी, त्याच्यावर पन्नीवर जाळून ओढलेलं गर्द. फुप्फुसांना सुट्टी अशी कधी मिळालीच नव्हती. मी त्याला मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुपारी तो परत आला.

"काय म्हणाले?"

"कुठनं आलास म्हणले. केंद्रातनं आलो म्हणलं. मग छातीला नळी लावलीच न्हाय की, सिस्टर. आधी व्यसन सोड, आपोआप जातंय म्हणले."

व्यसन सोडायलाच तो आमच्याकडे येत होता. पण एवढं ऐकून घ्यायला तिथं वेळ कुणाला?

दुसऱ्या खेपेला मी गणवेशात त्याच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी मला बसायला खुर्ची दिली, पेशंटला उभं ठेवलं. छातीचा फोटो निघाला, बेडका तपासला. टीबी नाही म्हटल्यावर डॉक्टर थोडे हिरमुसले. असता तर त्याला दुसऱ्या खात्यात ढकलता आलं असतं. फुंकून श्वास मोजायच्या मशीनचं विचारलं, तर "पुढं बघू."

मग मी वरिष्ठांच्या मागं लागले. हो-ना करत मशीन केंद्रातच आलं, आणि छातीची एक तरुण डॉक्टरीणबाई आठवड्याला यायला तयार झाली. मशीन आलं म्हणजे उद्घाटन आलंच. फ्लेक्सवर आमच्या वरिष्ठ साहेबांचा चेहरा परातीएवढा आणि फुप्फुसं पेढ्याएवढी. साहेब मनोनिग्रहावर भरपूर बोलले. फोटोवाला म्हणाला, "साहेब, पहिली फुंक तुमची."

साहेबांनी फुंकलं आणि मटकन खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बघत हळूच विचारलं, "सिगारेट ओढता का?"

"मशीन नवीन आहे. सेट झालं नसेल."

तेवढ्यात आमचा कामगार कळवळून म्हणाला, "घाबरू नका साहेब. आधी व्यसन सोडा, आपोआप जातंय!"

हॉल हसला आणि हसता हसता खोकला. साहेबांना अचानक दुसरी मीटिंग आठवली.

नंतर कामगाराची पाळी आली. श्वासनळ्या आखडल्यात, पहिल्यासारख्या होणार नाहीत, पण दम कमी करता येईल, असं डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं. ओढायचा पंप दिला. तो हातात घेऊन माझ्याकडे आला, चेहरा चिंतेनं भरलेला.

"सिस्टर, ह्या पंपाची सवय तर लागायची न्हाय ना?"

इतकी वर्षं गर्द ओढलेल्या माणसाची ही शंका! मी हसू दाबत सांगितलं, "लागली तर बरंच होईल."

बिडी अजून पूर्ण सुटलेली नाही. त्यावरून आमची रोज भांडणं होतात. परवा त्याच्या मुलीचं लग्न झालं. मी गेले तेव्हा तो हलगीपुढं नाचत होता. मध्येच बाजूला झाला, पाहुण्यांदेखत पंप ओढला, चार श्वास घेतले आणि पुन्हा नाचणाऱ्यांत घुसला.