खोडलेल्या ओळीशेजारची सही

ओझरचा वाल्मीक गंगापूर रोडवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायचा. या कामाला ऑफिसात काडीची किंमत नव्हती. कोड लिहिणारे तेवढे शहाणे, वाल्मीक म्हणजे टायपिस्ट! त्यातला दीडशहाणा गौरांग त्याचा साहेब. वयाने दहा वर्षांनी लहान, पण चारचौघांत वाल्मीकला अरेतुरे करायचा. वाल्मीकला तो डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा.

या खेपेची पुस्तिका लोड बॅलन्सरची होती. बाहेरून येणाऱ्या जोडण्या अनेक सर्व्हरांत वाटून देणारी ही यंत्रणा लिनक्स प्रणालीच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच असते. कोणी खोट्या, अर्धवट जोडण्यांचा मारा केला तर बचावासाठी तिच्यात एक सेटिंग आहे. तिथे आकडा घालायचा: शून्य म्हणजे बचाव बंद, तीन म्हणजे कायम चालू. एक ठेवला, तर मेमरी कमी पडताच यंत्रणा आपणहून बचाव चालू करते आणि एकाचा दोन करून ठेवते. वाल्मीकने तीन दिवस घालवून हे पडताळलं आणि बजावून लिहिलं, 'दोन दिसला तर तो कोणी माणसाने घातलेला नाही.'

"पाल्हाळ नको," म्हणत गौरांगने ती ओळ खोडली.

वाल्मीकचे वडील पुंजाराम विमानाच्या कारखान्यात होते. कागदावर काही खोडायचं तर एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख, ही त्यांची शिस्त वाल्मीकने उचलली होती. सही घेतल्याशिवाय तो हलायचा नाही. गौरांगने चेष्टा करत सही ठोकली.

दोन महिन्यांनी एका ग्राहकाच्या सर्व्हरवर मारा झाला. एकवर ठेवलेली सेटिंग दोनवर बघून, कोणीतरी परस्पर बदल केला असं समजून तो भडकला. पुस्तिकेत दोनाचा उल्लेखच नव्हता.

"त्या सर्व्हरचा पासवर्ड ह्याच्याकडे असतो," गौरांगने भर मीटिंगमध्ये वाल्मीककडे बोट दाखवलं. "ह्यानेच उद्योग केलाय. घरी पाठवा ह्याला."

वाल्मीकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी जाणार, तीही लबाड ठरून! त्याने कपाटातून कच्चा खर्डा आणला आणि कंपनीच्या प्रमुख इंदिरा मॅडमपुढे आपटला. मॅडमनी रेघेखालची ओळ वाचली. मग सही वाचली.

"अरे, मग टाक ना ती ओळ परत," गौरांग पुटपुटला.

"मी नाय टाकणार. तुम्ही खोडली ना, सर?" वाल्मीकने टेबलावरचा फोन त्याच्यापुढे सरकवला. "मग ग्राहकाला तुम्हीच वाचून दाखवा. सहीसकट."