फडक्यातला चुंबक

मी पिंजाऱ्याची पोरगी. पिंपळगाव राजा या गावात आमचं गाद्या भरायचं दुकान आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेत ज्या गोष्टीपायी मी तीन वर्षं डोकं आपटलं, ती गोष्ट त्या दुकानात रोज माझ्या डोळ्यांदेखत होत होती. हे मी कौतुकानं सांगत नाही. अजूनही स्वतःचा राग येतो, म्हणून सांगते.

अब्बांचं काम साधं. गिऱ्हाईक सरकी काढलेली रुई आणणार, अब्बा ती मशीनमध्ये पिंजून मोकळी करणार, गादीत भरून टाके घालणार. पण मशीनचे दाते लोखंडी आणि रुई कोरडी ठक्क. आत एखादा खिळा नाहीतर तारेचा तुकडा गेला की ठिणगी, आणि ठिणगी पडली की खेळ खलास. म्हणून आधी रुई पसरून तिच्यातून चुंबक फिरवायचा. जुन्या लाउडस्पीकरमधला जाडजूड चुंबक, अम्मीच्या विटक्या ओढणीच्या फडक्यात तीन घड्या करून गुंडाळलेला. हे काम माझ्याकडे होतं. दोनदा फिरवायचा, हा अब्बांचा नियम. "एक निघाला म्हणजे अजून एक हाये, असं समजाचं," ते म्हणत.

बीटी कापूस आला तेव्हा लोक म्हणाले, आता अळी गेली. मग काही वर्षांनी अळी परत आली, त्या हंगामातली ही गोष्ट. संग्रामपूरकडची एक बाई रुईचं गाठोडं घेऊन दुकानात आली. कापूस किडका, पिवळट, आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. बाजारात कोणी हात लावेना. "विकल्या जात नाही, तं लेकीची गादी तरी भरून द्या," ती म्हणाली. लेकीचं लग्न चार दिवसांवर होतं. मी बारा वर्षांची, दुसऱ्या दिवशी ईद, आणि माझा सगळा जीव मेंदीत. एकदा चुंबक फिरवला, एक खिळा निघाला, तो मुठीत धरून सांगितलं, "झालं, अब्बा." दुसऱ्यांदा फिरवलाच नाही.

थोड्याच वेळात मशीनमधून धूर निघाला. अब्बांनी हातानं जळती रुई ओढून काढली, पाणी मारलं. आग विझली, पण बाईची रुई गेली आणि अब्बांचा उजवा पंजा भाजला. बाई ओट्यावर बसून बघत राहिली, रडलीसुद्धा नाही. अब्बा तिला म्हणाले, "माही चूक झाली, ताई. चुंबक म्याच नीट नाही फिरवला." आणि घरच्यासाठी जपून ठेवलेली देशी कापसाची रुई त्यांनी खाली काढली. गादीला तीच सरस, वर्षानुवर्षं दबत नाही. ईदच्या दिवशी, पट्टी बांधलेल्या हातानं, त्यांनी तिच्या लेकीची गादी शिवून दिली. मी कोपऱ्यात उभी होते. तोंड उघडलं नाही. मेंदी लावली नाही, इतकंच.

पुढे शिकले आणि पुण्याला संशोधनाला लागले. काम असं: कॅन्सरच्या गाठीतून काही पेशी सुटतात आणि रक्तात हिंडत राहतात. कोट्यवधी पेशींत अशा जेमतेम चार-पाच. त्यांना धरायला रक्त नळीत घेऊन त्यात लोखंडाचे नॅनोकण सोडायचे. हे कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत, पण त्यांच्यावर असा लेप दिलेला असतो की ते कॅन्सरच्या पेशीलाच जाऊन चिकटतात. मग नळीला चुंबक लावायचा. कण ओढले जातात, त्यांच्याबरोबर पेशी येते, उरलेलं रक्त टाकून द्यायचं. ऐकायला सोपं. माझ्या नळीत मात्र चुंबकापाशी रक्तातल्या साध्या पांढऱ्या पेशींचा हा एवढा बोळा जमायचा, आणि हवी ती पेशी त्यात कुठं गडप व्हायची, देव जाणे.

दोनदा चाचणीत नापास झाल्यावर माझ्या मार्गदर्शक सरांनी शेवटचं सांगितलं. ते दहा नळ्यांत रक्त देणार, काहींत प्रयोगशाळेत वाढवलेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकणाऱ्या कॅन्सरच्या पेशी टाकणार, उत्तर पाकिटात बंद. एक जरी नळी चुकली तर हे काम थांबवायचं आणि विषय बदलायचा. माझी तीन वर्षं पाण्यात.

त्या सुट्टीत ईदला घरी गेले. अब्बा रुईतून चुंबक फिरवत होते आणि मी तोंड पाडून बसले होते. सहज विचारलं, "अब्बा, तुम्ही चुंबक फडक्यात काऊन गुंडाळता? उघडा लावला तं जोरात वढीन ना."

"जोरात वढते म्हणूनच," ते म्हणाले. "उघड्या चुंबकावर खिळा झेपावते न् रुईचा बोळा घेऊन येते. फडकं असलं का सावकाश येते. एकटा येते."

मी ताडकन उठले. शेवयांच्या डब्याचा पुठ्ठा कापून पिशवीत टाकला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं पुणं गाठलं.

नळी आणि चुंबक यांच्यात तो पुठ्ठा घातला. वेळ चौपट लागला, पण बोळा जमेना. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मला नेहमी माझ्याच "काऊन"वरून चिडवायची. आता म्हणाली, "काऊन गं, पुठ्ठ्यावर पीएचडी करतेस का?" मी म्हटलं, "हाव. तुला काही अडचण?"

परीक्षेच्या दिवशी नऊ नळ्यांचा निकाल स्वच्छ लागला. तीन नळ्यांत हिरव्या चमकणाऱ्या पेशींची रांगच होती, सहांत काहीच नाही. राहिली सातवी. तिच्यात एकच ठिपका होता. मैत्रीण वाकून बघत म्हणाली, "अगं, धूळ असेल. 'नाही' लिही आणि मोकळी हो."

मी लेखणी उचलली, आणि मला माझ्या मुठीतला तो खिळा आठवला. लेखणी खाली ठेवली. सातव्या नळीतलं उरलेलं रक्त मी टाकलं नव्हतं. आगीच्या त्या ईदनंतर मी कधीच काही घाईनं टाकत नाही. त्याला पुन्हा चुंबक लावला. पुठ्ठा ठेवून, सावकाश, तासभर. आणखी दोन पेशी निघाल्या, गोल, हिरव्यागार. मी सातव्यापुढं "आहे" लिहिलं.

सरांनी पाकीट फोडलं. दहाच्या दहा बरोबर. सातव्या नळीत त्यांनी फक्त पाच पेशी टाकल्या होत्या. "ही सापडेल असं मला वाटलं नव्हतं," ते म्हणाले, आणि माझा पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट करून बघत बसले. खऱ्या रुग्णाच्या रक्तापर्यंत पोचायला अजून पुष्कळ चालायचं आहे. पण त्या दिवशी मी जिंकले होते, आणि छाती अशी भरून आली होती की जिन्यात जाऊन बसावं लागलं. तिथूनच अब्बांना फोन लावला. फडक्याचं सगळं सांगितलं. मग तेही सांगितलं, जे इतकी वर्षं गिळून बसले होते.

"अब्बा, आग लागली ना, त्या दिवशी म्या चुंबक एकदाच फिरवला होता."

"मले मालूम हाये."

"कवापासून?"

"तवापासूनच. तुह्या मुठीत एकच खिळा होता, दुसरा मले मशीनमंधी सापडला."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तुले मालूम होतं ना," अब्बा म्हणाले. "मंग म्या काय नवं सांगतलं असतं?" पलीकडे कोणीतरी त्यांना हाक मारली. "ठेव आता. गिऱ्हाईक बसलं हाये, चुंबक फिरवाचा हाये."

"दोनदा फिरवजा," मी म्हटलं.

अब्बा हसले आणि फोन ठेवला. मी जिन्यातच बसून पोटभर रडले, आणि त्या संध्याकाळी बाजारातून मेंदीचा कोन आणून दोन्ही हातांवर लावला.