दोन नवस, एक वाट
निंबोल्यात मालूबाईला शब्दाची पक्की म्हणून ओळखत. कुणाला ताक द्यायचं कबूल केलं, तर घरात कमी पडलं तरी लोटा पोचायचाच. देवाला दिलेला शब्द तर तिच्या लेखी दगडावरची रेघ.

तिचा धाकटा गोटू तीन वर्षांचा झाला तरी पायावर उभा राहीना. बुऱ्हाणपूरला इतवाऱ्यातल्या वैद्याकडून तेल आणलं, महिनोन्महिने चोळलं. शेवटी एका संध्याकाळी तिने हात जोडले. पोरगं चालू लागलं तर शिवरात्रीला त्याच्याच पायांनी सातपुड्यातल्या महादेवाच्या दारी नेईन, असं बोलून गेली. जाऊ सरुबाई शेजारीच धान्य निवडत बसली होती, तिने ते ऐकलं. पुढच्या वर्षी गोटू भिंत धरून चालला, मग अंगणभर पळू लागला.

देवाचं ठाणं डोंगरात खूप आत, होळकरांच्या हद्दीत. इंग्रजांच्या जंगलखात्याचं नाकं ओलांडायचं आणि पाड्यांवर मुक्काम करत चढायचं. नवरा सुकलाल, थोरली गोदी, गोटू आणि सरुबाई यांच्यासह मालूबाई गावच्या जथ्याबरोबर निघाली. फडक्यात दशम्या आणि ठेचा बांधलेला.

पहिल्या दिवशी गोटू पळसाची फुलं वेचत सगळ्यांच्या पुढे होता. दुसऱ्या दिवशी घाट लागला आणि त्याची टाच सोलवटली. दुपारी तो वाटेतच बसला. मालूबाईने गूळ दाखवला, समजावलं, रागावून एक चापटही दिली आणि मग तिलाच रडू आलं. जथा वळणाआड गेला. गोदी भावाच्या पायाला पानं बांधत होती, पण रक्त थांबत नव्हतं.

सरुबाई हळूच म्हणाली, "देवाने पाय दिले, त्याला दिलेला शब्द मोडू नको बाई."

ते मालूबाईच्या काळजात रुतलं. तिने गोटूला उभं केलं. तो दोन पावलं लंगडत चालला आणि आईच्या लुगड्याला बिलगला. तेवढ्यात पुढे गेलेल्या सुकलालने परत येऊन त्याला उचललं. मालूबाईने नवऱ्याचा हात धरला.

"खाली ठेवा त्याला. मी देवाला बोलले आहे."

सुकलाल तिच्यापुढे सहसा बोलत नसे. त्याने पोराला खांद्यावर नीट बसवलं आणि म्हणाला, "मी बी बोललो होतो. तू आत तेल चोळत होतीस, तेव्हा बाहेर ओट्यावर बसून. देवा, पोरगं चाललं तर खांद्यावर बसवून तुझ्याकडे आणीन, म्हटलं. तुझा नवस त्याने इथवर फेडला. आता माझा फेडू दे."

"मला कधी सांगितलं नाही."

"तू तरी कुठं मला विचारून बोललीस?"

सरुबाई गाठोडं उचलून चालू लागली. मालूबाई मात्र तिथेच दगडावर बसली, वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी घटाघटा प्याली, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

देवळाशी पोचले तेव्हा गोटू बापाच्या खांद्यावर झोपला होता. गुरवाने झोपलेल्या पोराच्या कपाळाला अंगारा लावला. कसा आला, कुणाच्या पायांनी आला, हे काही विचारलं नाही.

उतरताना टाच सुकली होती, गोटू पुन्हा पळू लागला. सरुबाई पुढे गेल्यावर मालूबाईने नवऱ्याला गाठलं. खरंच असा नवस बोलला होता का, म्हणून विचारलं. सुकलाल काठीने वाटेतला काटा बाजूला सारत म्हणाला, "देव बघून घेईल."

तिने पुन्हा विचारलं नाही. तिला ते पुरे होतं. खाली केळीच्या बागा दिसल्या तशी ती गोदीचा हात धरून भराभर उतरू लागली. घरी पोचल्यावर पाय न धुताच जमिनीवर आडवी झाली आणि दिवस वर येईपर्यंत निजली.