हातभर पातळ

कापड हातात आलं की ती आधी गालाला लावायची. डोळे मिटून, कानाच्या जरा खाली, बाळ खांद्यावर घेतलं की त्याचं डोकं टेकतं तिथं. मग म्हणायची, "डोळ्यांना कुणीही फसवतं, काका. गालाला विचारायचं."

मी म्हणायचो, "गाल तुझा, दुकान तुझं. तो दुसरं काय सांगणार?"

ती हसायची. गिऱ्हाईकानं टोचून बोललं तरी हसणारा दुकानदार मला आवडत नाही. त्याच्या पोटात काहीतरी असतं.

इथं जपानात, फुनाबोरी स्टेशनाजवळ, सायकली लावायची जागा ओलांडली की तिचं एका खोलीचं दुकान होतं. तुमच्यातल्या ज्यांची पोरं तिकडं वाढली त्यांनी पाहिलं असेल. सगळ्या वस्तू बाळांच्या. पण अट अशी की धंदा बाईचा पाहिजे आणि बाई आशियातली पाहिजे. कोरियातल्या बाईनं काढलेली, बाळ छातीशी बांधून न्यायची झोळी. तैवानच्या बाईचे लाकडी खुळखुळे. इथल्याच एका जपानी म्हातारीचे विरळ विणीचे रुमाल. आणि हिनं स्वतः शिवलेली झबली, टोपडी, कुंच्या. प्रत्येक फळीवर त्या त्या बाईचा फोटो. माझी सून त्या फोटोंवर भाळली होती.

"बाबा, मोठ्या कंपन्यांचं काही घ्यायचं नाही असं ठरवलंय मी. या बायका स्वतः आया आहेत, त्यांना कळतं बाळाला काय लागतं ते."

मी म्हटलं, "आमच्या मालकाच्या कापडाच्या गठ्ठ्यावर लक्ष्मीचा फोटो होता. लक्ष्मी काय माग चालवायची?"

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं इचलकरंजीत बत्तीस वर्षं जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. अक्षरं मला फसवतात, कापड फसवत नाही. बायको गेल्यावर वर्षभर मी एकट्यानं काढलं. मग सुनेला दिवस गेले आणि पोरगा मला इकडं घेऊन आला. येताना कपड्यांची बॅग हलकी होती. तिच्यात बायकोची दोन सुती पातळं होती. तुम्ही साड्या म्हणता, आम्ही पातळं म्हणतो. नातवंडाच्या दुपट्यांसाठी म्हणून तिनं ती वापरून, धुऊन, मऊ करून ठेवली होती. नातवंड बघायला ती राहिली नाही.

तर सुनेची यादी झाली आणि पहिलं भांडण झालं. जन्माआधी घरात बाळाचं काही आणत नाहीत. हे सांगायचं काम सासूचं. सासू नाही म्हणून मला सांगावं लागलं, आणि मला गोड सांगता येत नाही. सून दुकानातच डोळे पुसायला लागली.

तेव्हा ही बाई मध्ये पडली. "घरात आणायचं नाही ना काका? मग इथंच राहू दे. तुमच्या नावाचं एक खोकं करते. बाळ आलं की सायकलवर घालून पोचवते."

"आणि मधल्या काळात त्यातलं काही बदललंस तर?"

"दर आठवड्याला येऊन बघून जा."

ती चेष्टेनं म्हणाली. मी दर बुधवारी जायला लागलो.

खोकं खाली काढायचं, झबली मोजायची, टोपड्यांच्या नाड्या ओढून बघायच्या. ती सातूचा गार चहा पुढं ठेवायची. चहा फुकट का देते, याचाही मला संशय होता. गावाकडच्या गोष्टी काढायची. तीही कोल्हापूरकडची. नवरा कामाला ओसाकाला, महिन्यातून दोनदा यायचा. तेही मला पटलं नव्हतं. नवरा एका गावात, बायको दुसऱ्या गावात, मध्ये दुकान.

एका बुधवारी मी सुनेच्या देवघरातला लायटर खिशात घालून गेलो. झबल्याच्या शिवणीतून एक धागा ओढला आणि पेटवला. सूत असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख भुरभुरते. पॉलिस्टर असेल तर गोळी होऊन चिकटतं. हा चिकटला. आमच्याकडं व्यापारी माणूस समोर बसून हे करतो आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. इथं एक जपानी बाई बाळगाडी घेऊन उभी होती. तिनं गाडी मागं घेतली, मागं घेतली, वाकून माफी मागितली आणि दारातून पसार झाली.

दुकानवाली ओरडली नाही. माझ्या कोपराला धरून मला बाहेर नेलं. "काका, छतावरचं यंत्र बोंबललं तर फायर ब्रिगेड येईल. मग त्यांना काय सांगू, आमचे काका सूत तपासत होते?" आणि बाहेर उभं राहून स्वतःच्या हातानं दुसरा धागा ओढून मला दिला. "घ्या. हा मधला. शिवणीचा दोरा वेगळा असतो, तुम्हाला माहीत नाही होय?"

मला माहीत होतं. घाईत विसरलो होतो. धागा पेटवला. राख झाली, वास कागदाचा आला.

"पटलं?"

"हा एक धागा झाला," मी म्हटलं.

सुनेच्या ओळखीच्या बायका म्हणायच्या की तिला स्वतःला मूल नाही. पंधरा वर्षं झाली लग्नाला. माझ्या मनात आलं ते बरं नव्हतं. पण आलं, खोटं कशाला लिहू. जिला मूल नाही तिनं बाळंतविडा शिवावा, हे आमच्या गावात चाललं नसतं. मी तिला तोंडावर विचारलं, "तुला पोरं किती?"

"दुकानभर आहेत की काका," ती म्हणाली आणि खोकं फळीवर ठेवायला पाठमोरी झाली. त्या दिवशी खोकं नीट बसवायला तिला फार वेळ लागला.

नात झाली. दुकानवाली कबूल केल्याप्रमाणे सायकलवर खोकं घेऊन आली. एकही नग कमी नव्हता. मी बोलायला जागा शोधत होतो, सापडली नाही. पोरानं माझ्या बॅगेतलं एक पातळ काढून तिच्या हातात दिलं. मला विचारलं, पण देऊन झाल्यावर. "बाबा, त्याच करतील दुपटी. आईची इच्छा होती ना?" इच्छा होतीच. पण ते पातळ परक्या बाईच्या पिशवीत गेलं आणि तिची सायकल दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा राहिलो.

आठवड्यात चार दुपटी आली. कडेनं बारीक शिवण, टाके एकसारखे. नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. पोरगी त्यात गुंडाळली, सगळ्यांनी फोटो काढले. मी चारी दुपटी खिडकीत नेऊन उजेडाला धरली.

ते पातळ मी दुरुस्त केलेल्या मागावरचं होतं. पदराजवळ एक आडवा धागा चुकला म्हणून मालकानं बाजूला टाकलेलं, ते मी घरी नेलं होतं. बायकोनं एवढी वर्षं ती चूक पदराच्या घडीत लपवायची सोडून मुद्दाम खांद्यावर वागवली. कुणी विचारलं तर म्हणायची, "आमच्या ह्यांची सही आहे ती." ती सही चारांपैकी एकाही दुपट्यावर नव्हती. माप मनात केलं. चार दुपटी जाऊन हातभर कापड उरायला पाहिजे होतं.

बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला मी दारात.

"हातभर कापड कुठाय?"

"कुठलं काका?"

"पदराकडचं. एक धागा चुकलेला होता त्यात."

ती थांबली. "ते होय. विरलं होतं हो. कापडाच्या कचऱ्यात दिलं मी."

"कधी?"

"काल."

"कापडाचा कचरा शुक्रवारी. काल मंगळवार. काल डबे-बाटल्या."

या देशात मला बोलता येत नाही, वाचता येत नाही, पण कुठल्या वारी कुठला कचरा हे पाठ आहे. घरात तेवढं एकच काम माझ्याकडं आहे.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि खालचा खण ओढून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत कापडाचे पाच तुकडे, घड्या घालून ठेवलेले. वरचा माझा. खालचे चार दुसऱ्या कुठल्या कुठल्या आज्यांच्या साड्यांचे. मला बरं वाटलं. इतके महिने संशय घेतले, त्यातला एक तरी खरा निघाला.

"चोर आहेस तू," मी म्हटलं. "मेलेल्या बाईचं कापड चोरलंस."

"काका, हळू बोला."

"का? लाज वाटते?"

"तिसरा महिना आहे मला."

ती दाराकडं बघत बोलत होती, कुणी येतंय का ते. दोन मुलं गेली होती तिची. एक पाचव्या महिन्यात, एक जन्मून चार दिवसांनी. आईनं फोनवर सांगितलं होतं, पाच घरचं कापड मागून आण, त्याचं पहिलं झबलं शिव, म्हणजे पोर राहील. "इथं कुणाच्या दारात जाऊ, काका? सकाळी एकीला मागितलं की दुपारी फोनवरच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना कळणार. आणि हेही गेलं तर? मग सगळ्यांच्या नजरा. म्हणून दुपट्यांना साड्या येतात त्यातलं..."

"कापून घ्यायचीस."

"उरलेलंच घेत होते."

मी स्टुलावर बसलो. मग तिला विचारलं, "माझं नाव काय, माहीत आहे?"

तिला माहीत नव्हतं. खोक्यावर पोराचं आडनाव होतं.

"भिका. माझ्या आधीचे तीन गेले. आईनं पाच घरी पदर पसरला तेव्हा मी राहिलो. त्याच्यानंच राहिलो का, ते मला ठाऊक नाही. पण तुला करायचंच असेल तर नीट कर. चोरून आणलेलं कामाचं नाही. गुण मागण्यात आहे, कापडात नाही. चार लोकांत मान खाली घालायची, ती खरी किंमत." वरचा तुकडा मी उचलून घेतला. "माग."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघतेस?"

तिच्या अंगावर पँट आणि शर्ट, पदर कुठला. दुकानातला एप्रन बांधलेला होता, तो तिनं दोन्ही हातांनी पसरला. मग म्हणाली, "काय म्हणायचं असतं, काका?"

"मला काय विचारतेस? मी पोटात होतो. तुझं तू म्हण."

तिनं एप्रनची टोकं घट्ट धरली आणि म्हणाली, "काका, तुमच्या घरचं एक कापड द्या. माझं बाळ राहू दे."

मी तो तुकडा एप्रनमध्ये टाकला. बायकोची वस्तू माझ्या हातानं दिलेली ती पहिलीच. बाकीच्या सगळ्या गावाकडं लोकांनी वाटल्या, मी दुसऱ्या खोलीत बसून होतो.

"आता ते चार जिथले तिथं परत दे आणि माग."

"परत देऊ? आणि सांगू काय, कापून घेतले होते?"

"ते तुझं तू बघ."

"तुम्ही फार वाईट आहात, काका."

"हो," मी म्हटलं आणि घरी आलो.

ती जाईल असं मला वाटलं नव्हतं. माणूस ऐकून घेतं ते समोरचा उठून जावा म्हणून. पण पंधरा दिवसांनी जेवताना सून म्हणाली, "बाबा, ऐकलंत का? त्या दुकानवाल्या ताई आमच्या चार मैत्रिणींकडे गेल्या होत्या. कापड मागायला. एकीनं तर आधी दार लावून घेतलं, आणि मग आख्खी साडी घेऊन खाली पळत आली. तुम्हाला यातलं काही माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार?" मी म्हटलं.

ग्रुपमध्ये तिच्याबद्दल एक अक्षर आलं नाही, असं सून म्हणते. यावर माझा अजून विश्वास नाही.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. तिनं दुकान आवरलं आणि नवऱ्याकडं निघाली. आता तिथं केस कापायचं दुकान आहे. पुढचं काही कळलेलं नाही. सून विचारायला भिते. मी विचारणाऱ्यातला माणूस, पण हे मीही विचारलेलं नाही.

ती निघाली त्या दिवशी मी नातीला बाळगाडीत घालून स्टेशनापाशी फिरवत होतो. मुद्दाम गेलो नव्हतो. तिची चाकांची बॅग नवरा ओढत होता. खरंच नवरा होता, टक्कल पडलेला, गरीब.

"काय काका, खोकं तपासायला आलात?"

"पोरीला ऊन द्यायला."

ती वाकून नातीकडं बघत राहिली. हात लावला नाही. म्हणाली, "कुणासारखी आहे हो?"

"आजीसारखी," मी म्हटलं. 

इथं गरोदर बाईला वॉर्डाच्या कचेरीतून एक बिल्ला मिळतो. पिशवीला बाहेर अडकवायचा, म्हणजे गाडीत लोक उठून जागा देतात. सुनेचा पहिल्यापासून बाहेर लोंबत होता. हिच्या पिशवीला नुसती दोरी दिसत होती, बिल्ला आत खुपसलेला. नवऱ्यानं हाक मारली तशी ती सरळ झाली. पिशवीत हात घातला, बिल्ला ओढून बाहेर काढला आणि नीट सरळ करून सोडला. मला दाखवायला नव्हे. माझ्याकडं तिचं लक्ष नव्हतं.

सरकत्या जिन्यावर पुढं एक माणूस उभा होता. त्यानं मागं वळून बिल्ला बघितला आणि कडेला सरकून तिला वाट दिली. ती वर जात होती. त्या तुकड्यातला चुकलेला धागा म्हणजे माझी सही आहे, एवढं तिला सांगायचं राहिलं होतं, पण आमच्यात जाणाऱ्याला मागून हाक मारत नाहीत.