ओके म्हटलेला चेंडू

प्यो गिसोकच्या नाकावर राग असतो, हे त्याच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि कोरियातल्या चुंगजूचं निम्मं गाव त्याच्या हाताखालून गेलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तो परीक्षा घ्यायचा. अरुंद गल्लीत गाडी उलटी घालायची, चाक पिवळ्या पट्टीला लागलं की घंटा वाजायची, आणि गिसोक म्हणायचा, "नापास. उतरा." सख्ख्या मेहुण्याला त्याने तीनदा उतरवलं. लग्न तोंडावर आलेल्या एका मुलीला उतरवलं. ती रडायला लागली तेव्हा खिशातला रुमाल दिला, पण पास केलं नाही. दया दाखवून पास केलेला माणूस उद्या कुणाच्या तरी लेकरावर गाडी घालतो, असं त्याचं म्हणणं, आणि त्यावर वाद घालायला कुणी धजत नसे.

शाळेतला मित्र नामगुंग ह्योक नुकताच दातांचा डॉक्टर झाला होता, तेव्हा तोही या गल्लीत सापडला.

"अरे गिसोक, आपण एका वर्गात होतो!"

"म्हणून तर दोनदा वाकून बघितलं. पट्टीला लागलंय. उतर."

नामगुंगने ही गोष्ट पुढे दर ऑक्टोबरात सांगितली. कारण दर ऑक्टोबरात वर्गातले आठ जण गांगवॉनच्या डोंगरांत गोल्फ खेळायला जायचे. चार एका बाजूला, चार दुसऱ्या. शाळेला दोन दारं होती. गावातली, बरे बूट घातलेली पोरं पुढच्या दाराने यायची. खेड्यांवरून बसने येणारी, चिखलाच्या पायांची मागच्या. चाळीस वर्षांनी कुणी डॉक्टर झाला, कुणी खताचं दुकान काढलं, तरी संघ तेच राहिले, पुढचं दार आणि मागचं दार. बक्षीस म्हणजे शाळेमागच्या खानावळीतली, पोचे आलेली, पिवळी अॅल्युमिनियमची दारूची किटली. जिंकून देणाऱ्याने आपलं नाव तिच्यावर खिळ्याने कोरायचं आणि किटली वर्षभर घरी ठेवायची. बरोबरी झाली तर ती आधीच्याच घरी राहायची.

गिसोक मागच्या दाराचा. आणि मागचं दार त्याच्यावर खार खाऊन होतं, कारण एका वर्षी त्यानेच त्यांना हरवलं होतं. चेंडू होलच्या अगदी जवळ आला की समोरचा म्हणतो, "ओके." म्हणजे गेला असं धरलं, उचल. मित्रामित्रांत हे ओके अक्षता वाटाव्यात तसं वाटलं जातं. गिसोक मात्र ते जिवावर आल्यासारखं द्यायचा. तर त्या वर्षी त्याचा जोडीदार दो पिलगू, तोच खतवाला, गप्पांच्या नादात समोरच्याला ओके म्हणून बसला, आणि लगेच जीभ चावून म्हणाला, "नाही नाही, टाकायला लाव त्याला!" गिसोकने त्याला जागच्या जागी गप्प केलं. "एकदा ओके म्हटलं की संपलं. म्हणणाऱ्याला परत घेता येत नाही, ज्याला म्हटलं त्याला नाकारता येत नाही. नियम आहे." किटली गेली. पिलगू महिनाभर बोलला नाही.

मागच्या हिवाळ्यात गिसोकला पक्षाघाताचा झटका आला. तोंड सरळ झालं, पाय चालायला लागला, डावा हात मात्र परक्याचा असल्यासारखा राहिला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू गाडी चालवायला हरकत नाही. गिसोकचा डॉक्टरवर विश्वास नव्हता. एका रविवारी तो बायकोला, केसुनला, घेऊन ड्रायव्हिंग स्कूलच्या रिकाम्या मैदानावर गेला, तिला शेजारी बसवलं आणि त्याच गल्लीत गाडी उलटी घातली. घंटा वाजली.

"आणखी एकदा बघता का?" केसुनने विचारलं.

"दुसऱ्या कुणाला मी आणखी एकदा दिलं होतं का?" तो म्हणाला. "नापास." त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली आणि उतरला. त्यानंतर गाडी तीच चालवायची.

मग उरलं गोल्फ. लांबचा फटका आता जमण्यातला नव्हता, पण हलक्या हाताने चेंडू होलमध्ये सोडणं, तेवढं तरी या हाताला येतं का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. दिवाणखान्यात घोंगडी अंथरून तो पितळी भातवाटी आडवी ठेवायचा आणि चेंडू सोडायचा. केसुन सोफ्यावर लसूण सोलत बसायची. गेला तर "गेला" म्हणायची, नाही गेला तर "नाही गेला". जवळून गेला, थोडक्यात हुकला, असलं काही नाही. उन्हाळा असा गेला. ऑक्टोबर येईस्तोवर वाटीत जाणारे चेंडू न जाणाऱ्यांपेक्षा जास्त झाले होते, आणि घरात तो एकदम खुशीत दिसायला लागला, म्हणजे जेवताना मिठावरून बोलेनासा झाला.

ट्रिपच्या दुसऱ्या दिवशी शेवटच्या जोडीला गिसोक आणि पिलगू, समोर नामगुंग आणि पुढच्या दाराचा आणखी एक. पहिल्याच होलवर चेंडू चांगला काठीभर लांब थांबला, आणि नामगुंग लांबूनच ओरडला, "ओके!"

गिसोक चमकला. हाच नामगुंग पूर्वी वीतभर अंतरावरूनही सोडत नसे. "टाका मास्तर, टाका! मला गल्लीत सोडलं होतंत का?" म्हणून दात दाखवायचा. आज काय झालं? दुसऱ्या होलवर ओके. चौथ्यावर ओके. कॅडी मुलगी चेंडू पुसून हातात द्यायची तोवर पुढचं ओके तयार. उन्हाळाभर ज्या परीक्षेची तयारी केली, तिचा पेपरच कुणी हातात देईना.

मधल्या विसाव्याच्या टपरीत चौघे टोफू-किमची खायला बसले. पिलगूने माकॉलीचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, दोन वाडगे रिचवले होते, आणि पिलगूच्या पोटात वाडगा गेला की गोष्ट राहत नाही.

"घे की रे ओके," तो म्हणाला. "या वर्षी किटली तुझ्याकडे जाऊ दे, असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांत मी येतो का?"

"तसं नाही रे. पुढच्या वर्षी कोण असेल, कोण नसेल..."

गिसोकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चॉपस्टिक त्याने अशा आपटल्या की एक उडून शेजारच्या टेबलावर गेली. "माझ्या नावाने ताट वाढायला मी अजून मेलो नाहीये! सात जण मिळून एका माणसाला हसता?"

"आवाज कमी कर," नामगुंग म्हणाला. "तुझा रक्तदाब—"

"रक्तदाब माझा आहे. तू दात बघ! भीक घालायला तुला मीच सापडलो? हा हात गेलाय का राहिलाय, ते मला बघायचंय. त्यासाठी आलोय. तुमची किटली घाला डबक्यात." त्याचा आवाज चिरकला, आणि आवाज चिरकला म्हणून तो आणखीनच भडकला. "यापुढे एकाच्याही तोंडून ओके निघालं, तर या वर्गात मी नव्हतोच असं समजा."

नामगुंगने हात वर केला. "नाही म्हणणार. दातांची शपथ."

"कुणाच्या दातांची?"

"तुझ्याच. तीन मीच बसवलेत."

आणि नामगुंगने शब्द पाळला. पुढचे होल तो जीव तोडून खेळला. गिसोकचा चेंडू वीतभर अंतरावर असला तरी हाताची घडी घालून उभा राहायचा आणि म्हणायचा, "टाका मास्तर. घंटा वाजेल हं!" गिसोकचे दोन गेले, एक हुकला, एक गेला. हुकला तेव्हा नामगुंग खदाखदा हसला, आणि ते हसू ऐकून गिसोकला झटक्यानंतर पहिल्यांदा आपण माणसांत आहोत असं वाटलं.

शेवटच्या होलवर आले तेव्हा सगळं बरोबरीत होतं. आधी संपवलेले चौघे हिरवळीच्या कडेला येऊन उभे होते. पिलगूचा चेंडू तळ्यात गेला. समोरच्या दोघांचं खेळून झालं. आता फक्त गिसोक. चेंडू एका खाटेच्या लांबीवर, जरा उतारावर. गेला तर किटली मागच्या दाराची. हुकला तर बरोबरी, म्हणजे किटली जिथे होती तिथे, नामगुंगच्या दवाखान्यात.

गिसोक चेंडूवर वाकला. डावा हात थरथरायला लागला. त्याने काठी मागे घेतली, सरळ झाला, हात एकदा झटकला, परत वाकला. थरथर थांबेना, पण त्याला भीती वाटत नव्हती. उन्हाळाभर या थरथरीशीच तर तो भांडला होता. ती कुठे थांबते आणि कधी सोडायचं, ते त्याला माहीत होतं.

"ओके," नामगुंग म्हणाला.

हळूच म्हणाला, पण आठही जणांनी ऐकलं. त्याचं त्यालाही नंतर कळलं असावं, कारण त्याचा हात तोंडावर गेला.

"काय म्हणालास?"

"चुकून... परत घेतलं! गिसोक, परत घेतलं मी. टाक तू."

"परत घेता येत नाही!" गिसोक इतक्या जोराने ओरडला की कॅडी दोन पावलं मागे सरकली. "तुला येत नाही आणि मला नाकारता येत नाही! हलकटा, मी एवढंच मागितलं होतं. हे एकच!"

"अरे, आपण मित्र आहोत, नियम घाल चुलीत—"

"माझ्याकडे दुसरं आहे काय?"

पिलगू मान खाली घालून उभा होता. तो नियम त्याच्याच नरड्यावर बसून शिकवला गेला होता. गिसोकने रागारागात वाकून चेंडू ढकलला. चेंडू उतारावरून सरळ घरंगळत गेला आणि होलच्या मधोमध पडला.

सगळे एकदम ओरडले. पिलगू मिठी मारायला धावला, "गेला! लेका, गेला! बघितलंस?" गिसोकने त्याला कोपराने बाजूला सारलं.

"आता गेला तर काय उपयोग? काही पणाला लागलेलं नसलं की कुणाचाही जातो," तो म्हणाला. त्याने डावा हात वर करून नामगुंगच्या तोंडासमोर धरला. हात स्थिर होता. "बघ. आता नाही थरथरत. थरथरत होता तेव्हा गेला असता का नसता? सांग ना. तू डॉक्टर आहेस."



जेवायच्या वेळी डुकराचं मांस जाळीवर करपत होतं आणि कुणी उलटत नव्हतं. नियमाप्रमाणे किटली आणि खिळा गिसोकसमोर आले. त्याने खिळा घेतला, किटली मांडीत दाबली आणि बराच वेळ करकर कोरत बसला. मग ती नामगुंगकडे सरकवली. वर्षाच्या आकड्यापुढे नावाच्या जागी लिहिलं होतं, "ओके".

नामगुंगने ते वाचलं. "मी घाबरलो रे," तो म्हणाला. "तू हुकला असतास, तर तुझं तोंड मला बघवलं नसतं."

"तोंड माझं होतं," गिसोक म्हणाला. "बघवत नव्हतं तर पाठ फिरवायची."

दुसरं कुणी असतं तर इथे रडारड होऊन, गळ्यात गळे पडून मिटलं असतं. हे मिटलं नाही. मिनीबस चुंगजूला पोचेपर्यंत गिसोक खिडकीबाहेर बघत बसला. किटली मात्र मांडीवर होती, कारण ती घरी न्यायची हाही नियमच.

थांब्यावर केसुन गाडी घेऊन आली होती. किटली बघून तिचे डोळे चमकले. "अहो, जिंकलात?"

"पास केलं मला," गिसोक म्हणाला.

इतकी वर्षं या माणसाबरोबर काढल्यावर तिला पुढे काही विचारायची गरज नव्हती. तिने गाडी सुरू केली. घरी आल्यावर कपडेही न बदलता तिने घोंगडी अंथरली, पितळी वाटी घेतली, नेहमीच्या जागी ठेवली. मग जरा विचार करून उचलली आणि हातभर आणखी लांब नेऊन ठेवली. स्वतः सोफ्यावर जाऊन बसली.

"हं," ती म्हणाली. "गेला तर किटली राहील. नाही गेला तर उद्या सकाळी मी स्वतः दवाखान्यात नेऊन देईन."

गिसोकने तिच्याकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. तो वाकला. हात थरथरायला लागला. त्याने वाट बघितली आणि सोडला. चेंडू वाटीच्या काठाला टण्णकन लागला, वळला आणि कपाटाखाली गेला.

"नाही गेला," केसुन म्हणाली.

गिसोकने किटली उचलून तिच्या पिशवीत ठेवली. मग गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घातला आणि चेंडू शोधू लागला.